भिंतीतून चालणारे ऊन

ठाणे जिल्ह्यात वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर घोडबंदर नावाचे गाव आहे. आज ते मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत येते. पूर्वी येथील बंदरात घोड्यांचा व्यापार चाले, म्हणून गावाला हे नाव पडले, असे सांगतात. गावाजवळ टेकडीवर पोर्तुगीजांनी बांधलेला एक किल्ला आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला व पुढे १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. आता तेथे तोफांचा आवाज नाही की पहाऱ्याची हाक नाही. परंतु दगड-चुन्याच्या त्या जाड भिंती आजही ऊन-पाऊस सोसत उभ्या आहेत.

मी शाळेत असताना फाल्गुन महिन्यातील एका रविवारी सातवीच्या मुलांना घेऊन हा किल्ला पाहावयास गेलो होतो. दुपारचे तीन वाजले होते. पश्चिमेकडील भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एका मुलाने हात लावला आणि "हाय!" म्हणून चटकन मागे घेतला. दगड तव्यासारखा तापला होता. तोच मुलगा वळसा घालून भिंतीच्या आतल्या अंगाला गेला. तेथे दगड गार होता.

"सर, एकच भिंत, मग एका बाजूला चटका आणि दुसऱ्या बाजूला गारवा, हे कसे?" त्याने विचारले.

"इकडे सावली आहे, म्हणून!" एका मुलीने तत्काळ उत्तर दिले.

तिचे म्हणणे खरे होते. परंतु पुरते खरे नव्हते. मी म्हणालो, "थोडा धीर धरा. उत्तर संध्याकाळी मिळेल."

सूर्य खाडीपलीकडे उतरला. वारा सुटला. अंधार पडण्यापूर्वी मी मुलांना पुन्हा त्याच भिंतीपाशी नेले. दुपारी चटका देणारा दगड आता सोसवेल इतका निवला होता. भिंतीतील एक दगड निखळून तेथे खोबण पडली होती. काठीने ती नीट चाचपून पाहिल्यावर मी मुलांना तिच्यात आळीपाळीने हात घालावयास सांगितले. आश्चर्य असे, की भिंतीच्या तोंडापेक्षा खोबणीतील दगड अधिक उबदार लागत होता! बाहेरचे ऊन केव्हाच गेले होते. परंतु दुपारी भिंतीत शिरलेली उष्णता अजून आतल्या आत वाटचाल करीत होती.

तेव्हा तो पहिला मुलगा हळूच म्हणाला, "सर, मग आमच्या घरातही असेच होत असेल. आम्ही इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. दुपारी आजीला फारसे उकडत नाही. पण रात्री नऊ वाजता खोलीची भट्टी होते. ती अंथरुणावर पाणी शिंपडते, तरी मध्यरात्रीपर्यंत तिला झोप येत नाही. नऊ वाजता ऊन कुठे असते?"

मुलाच्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचे पुढचे तीन आठवडे गेले. ते कसे गेले, हेच या पाठात सांगावयाचे आहे.

पाट्यांची भिंत

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मी आठ मुलांना एका ओळीत उभे केले आणि प्रत्येकाच्या हाती एक पाटी दिली. मी म्हणालो, "तुम्ही आठ जण मिळून किल्ल्याची भिंत आहात. पहिला मुलगा म्हणजे भिंतीचे उन्हातले तोंड. त्याच्यामागून आठ-आठ सेंटिमीटर आत गेले, की पुढचा मुलगा. प्रत्येकाने आपल्या जागेचे तापमान पाटीवर लिहावयाचे. सकाळी सारी भिंत ३० अंशांवर आहे. आता ऊन पडले आणि पहिल्याच्या पाटीवर ४६ आले."

नियम एकच होता. मी घंटा वाजविली, की प्रत्येकाने आपल्या डाव्या व उजव्या शेजाऱ्याचे आकडे पाहावयाचे, त्यांची सरासरी काढावयाची आणि आपला जुना आकडा पुसून ती लिहावयाची. फक्त पहिल्याने उन्हाचे ऐकावयाचे आणि आठव्याने ३० वरच राहावयाचे.

पहिली घंटा झाली. दुसऱ्या मुलाचे शेजारी ४६ आणि ३०. त्यांची सरासरी ३८. बाकीचे सारे ३० वरच. दुसऱ्या घंटेला तिसऱ्या मुलाकडे ३४ आले. तिसऱ्या घंटेला चौथ्याकडे ३२ आले. चौथ्या घंटेनंतर ओळ अशी दिसत होती : ४६, ४०, ३६, ३२, ३१, ३०, ३०, ३०. उष्णता पायरी-पायरीने आत उतरत होती आणि प्रत्येक पायरीवर क्षीण होत होती.

"आता सूर्य मावळला," मी म्हणालो. पहिल्या मुलाने ४६ पुसून ३० लिहिले. पुन्हा दोनदा घंटा वाजविली. आता ओळीत पाहतो तो काय! दुसऱ्या मुलाकडे ३३, तिसऱ्याकडे सव्वातेहतीस आणि चौथ्याकडे साडेतेहतीस. बाहेरची पाटी निवली होती आणि सर्वांत उष्ण पाटी भिंतीच्या पोटात जाऊन बसली होती. आदल्या संध्याकाळी खोबणीत हाताला जे जाणवले, तेच आता पाट्यांवर उमटले होते. मुलांनी टाळ्या वाजविल्या.

हा खेळ म्हणजे केवळ गंमत नव्हे. कोणतीही वस्तू आपल्या अधिक उष्ण शेजाऱ्याकडून उष्णता घेते व अधिक थंड शेजाऱ्यास देते. हा निसर्गाचा नियमच आम्ही पाटीवर मांडला होता. दगडाचा आठ सेंटिमीटर जाडीचा थर घेतला, तर आमची एक घंटा म्हणजे सुमारे एक तास होतो. काँक्रीटसाठी त्याच एका तासाला साडेसात सेंटिमीटरचा थर घ्यावा लागतो आणि विटांच्या कोब्यासाठी सहा सेंटिमीटरचा. प्रत्येक पदार्थाची चाल निराळी. जेथे दोन निराळे पदार्थ एकमेकांस भेटतात, तेथे साधी सरासरी चालत नाही. जो पदार्थ उष्णता अधिक सहज वाहून नेतो, त्याच्या बाजूच्या आकड्यास अधिक वजन द्यावे लागते.

दिवसाची उष्णता भिंतीत लाटेसारखी शिरते. दगडात सुमारे अर्धा मीटर आत पोहोचावयास तिला बारा तास लागतात. आणि तेथे पोहोचेपर्यंत तिचा जोर विसाव्या हिश्शाहूनही कमी उरतो. म्हणजे दुपारचे ऊन तेथे मध्यरात्री पोहोचते, आणि तेही नावापुरते! जाड भिंतीच्या आत गारवा का असतो, याचे मर्म हे असे आहे.

गणिती आणि यंत्र

उष्णतेच्या या वाटचालीचे गणित प्रथम नीट मांडले ते जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने. १७६८ मध्ये एका शिंप्याच्या घरी त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो आईबापांविना पोरका झाला. १८०७ मध्ये त्याने पॅरिसच्या विद्वानांपुढे आपला निबंध ठेवला, तेव्हा काही थोर गणितज्ञांना त्याची रीत पटली नाही. फूरियेने धीर सोडला नाही. १८२२ मध्ये त्याचा उष्णतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि आजही जगभरचे अभियंते त्याच ग्रंथातील समीकरणाचा आधार घेतात.

परंतु एक अडचण होती. भिंत एकाच पदार्थाची व ऊन एकसारखे असेल, तर फूरियेचे समीकरण कागदावर सुटते. प्रत्यक्षात छतावर काँक्रीट, त्यावर विटा, त्यावर गिलावा, असे थरावर थर असतात. ऊन घडीघडीला बदलते, मध्येच ढग येतो, वारा सुटतो. अशा वेळी थरांचे बारीक पापुद्रे कल्पून, घटकेघटकेला प्रत्येकाची बेरीज-वजाबाकी करीत जाणे, हाच मार्ग उरतो. आठ मुलांच्या आठ पाट्यांना एवढा वेळ लागला. मग शंभर पापुद्रे आणि महिन्याभराचे दिवस-रात्र यांचे काय?

हे कंटाळवाणे काम संगणक न कंटाळता करतो. आपल्या मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय संशोधकांनी असे एक गणनयंत्र घडविले. ते १९६० मध्ये सुरू झाले आणि १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. आज त्याहून कितीतरी वेगवान संगणक शाळेच्या टेबलावर असतो. आमच्या शाळेच्या संगणकावर आम्ही एक तक्ता मांडला. प्रत्येक ओळ म्हणजे एक घंटा, प्रत्येक रकाना म्हणजे एक पापुद्रा. प्रत्येक घरात वरच्या ओळीतील दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी यावी, एवढेच त्याला सांगितले. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारा तक्ता आकड्यांनी भरून गेला. खऱ्या वस्तूऐवजी तिच्या नियमांनी चालणारी अशी आकड्यांची वस्तू उभी करणे, यालाच संगणकीय प्रतिरूप म्हणतात.

येथे एका उतावळ्या मुलाने शंका काढली, "सर, एका घंटेला एक तास कशाला? दोन तास धरले, तर काम निम्मे होईल!" मी त्याला तसे करून पाहू दिले. पापुद्रा तेवढाच ठेवून वेळ दुप्पट केला, की नियम बदलतो. दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज करून तिच्यातून आपला आकडा वजा करावा लागतो. पहिल्या घंटेला दुसऱ्या मुलाकडे थेट ४६ आले. दुसऱ्या घंटेला त्याच्याकडे पुन्हा ३० आणि त्याच्यामागच्याकडे ४६! उन्हाला टेकलेला थंड आणि त्याच्या पाठीमागचा तापलेला. असे जगात कोठे घडते काय? परंतु संगणकाने ते निमूटपणे लिहिले. त्याला ना आश्चर्य वाटले, ना लाज. १९४७ मध्ये इंग्लंडमधील जॉन क्रँक व फिलिस निकोल्सन यांनी असे वेडेवाकडे आकडे येऊ नयेत, म्हणून निराळी रीत शोधून काढली. तथापि 'हे शक्य आहे काय?' हा प्रश्न विचारण्याचे काम अद्याप माणसाकडेच आहे.

हरवलेला थर

आता आम्ही आजीच्या छताकडे वळलो. घरावर पंधरा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब आहे, असे त्या मुलाने विचारून आणले. आम्ही त्याचे पातळ पापुद्रे कल्पिले आणि संगणकास कामाला लावले. दुपारी दीडच्या सुमारास गच्ची सर्वांत अधिक तापते, असे धरले होते. उत्तर आले : छताची खालची बाजू सायंकाळी साडेपाचच्या सुमारास सर्वांत अधिक तापेल.

मुलाने खोलीच्या छताला आतून तापमापक बांधला आणि तासातासाला नोंदी केल्या. दोन दिवसांनी तो वही घेऊन आला. परंतु त्याचा चेहरा उतरला होता. वहीत नऊ वाजताच्या आकड्यावर खोडाखोड दिसत होती.

"काय झाले?" मी विचारले.

"सर, संगणक साडेपाच म्हणतो. तापमापक मात्र आजीसारखेच रात्री नऊ म्हणतो. माझे काहीतरी चुकले असेल. म्हणून मी..." पुढे त्याच्याने बोलवेना.

मी त्याला रागावलो नाही. त्याला जवळ बसवून मी लुइस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. हवेचे असेच लहान-लहान भाग कल्पून, हाताने आकडेमोड करून, हवामान आधी सांगता येईल, असे त्याला वाटत होते. त्याने १९१० सालच्या मे महिन्यातील एका दिवसाचे गणित करून पाहिले. हवेचा दाब सहा तासांत फार मोठ्या प्रमाणावर वाढेल, असे त्याचे उत्तर आले. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. रिचर्डसनने काय केले असेल? १९२२ मध्ये त्याने आपला ग्रंथ छापला, तेव्हा ते चुकलेले उत्तरही जसेच्या तसे छापले. म्हणूनच पुढच्या लोकांना चूक कोठे झाली, हे शोधता आले. आज आपण दूरदर्शनवर हवामानाचे अंदाज ऐकतो, ते त्याच वाटेने आलेले आहेत.

"खोडलेला आकडा पुन्हा लिही," मी म्हणालो. "तापमापक खोटे बोलत नाही आणि आजीला तर बोलण्याचे कारणच नाही. मग आपण काय विसरलो?"

वर्ग शांत झाला. मग किल्ल्यावर सावलीचे उत्तर देणारी ती मुलगी म्हणाली, "सर, स्लॅबच्या वर आणखी काही असेल का?"

आम्ही परवानगी घेऊन त्या गच्चीवर गेलो. पन्हाळीपाशी गिलावा फुटला होता आणि त्याखाली विटांचे तुकडे स्पष्ट दिसत होते. तो विटांचा कोबा होता! पावसाचे पाणी झिरपू नये व ते उताराने वाहून जावे, म्हणून आपल्याकडे गच्चीवर विटांचे तुकडे व चुना अथवा सिमेंट यांचा असा थर घालतात. मोजून पाहिले, तर तो सुमारे बारा सेंटिमीटर भरला. हा थर घातला होता पावसासाठी; परंतु तो उन्हालाही वाटेत अडवून उशीर करीत होता. आम्ही प्रतिरूपात तो थर भरला. संगणकाचे नवे उत्तर आले : रात्री नऊच्या आसपास.

त्या मुलाचा चेहरा असा उजळला, की तो मला अजून आठवतो. संगणक चुकला नव्हता आणि आजीही चुकली नव्हती. आम्हीच एक थर विसरलो होतो.

उपाय

दुखणे कळले, आता औषध कोणते? उष्णता अडविणाऱ्या पदार्थांत मोठाच फरक असतो. पाच सेंटिमीटर थर्मोकोल जेवढी उष्णता अडवितो, तेवढी अडवावयास सुमारे सव्वादोन मीटर जाडीचे काँक्रीट लागेल! थरांचा क्रमही महत्त्वाचा असतो. ऊन व आतील हवा दिवसरात्र एकसारखी असती, तर थर कोणत्याही क्रमाने रचले तरी चालले असते. अडथळ्यांची बेरीज तीच राहिली असती. परंतु दिवस-रात्रीचा फेरा असतो. अडविणारा हलका थर वर आणि जड स्लॅब खाली असेल, तर स्लॅब उन्हापासून वाचतो व खोलीतील उष्णता पोटात सामावून घेतो. खोलीतील चढउतार त्यामुळे कमी होतात. छत्री उन्हात डोक्यावर धरावी, ती अशासाठीच.

आपल्या पूर्वजांना ही जाण होती. देशावरील माळवदाच्या घरांत लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि सर्वांवर मातीचा जाड थर असे. आज सरकारनेही याकडे लक्ष दिले आहे. २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने घरांसाठी 'इको-निवास संहिता' आणली. आत-बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये, अशी मर्यादा तिच्यात घातली आहे. नुसता उघडा स्लॅब या मर्यादेत बसत नाही.

परंतु आजीच्या घरी थर्मोकोल बसविण्याइतका पैसा नव्हता. मुलांनी पुन्हा पाट्यांकडे पाहिले. "सर, पहिल्याच पाटीवरचा आकडा उतरविला तर?" कोणीतरी विचारले. आम्ही ४६ ऐवजी ३८ लिहून पाहिले. वाढ सोळा अंशांवरून आठ अंशांवर आली. आणि मागच्या प्रत्येक पाटीवरील वाढही निमपट झाली. ४० चे ३५ झाले, ३६ चे ३३ आणि ३२ चे ३१. गच्चीचा काळवंडलेला पृष्ठभाग बहुतेक ऊन शोषून घेतो. ताजा पांढरा रंग मात्र बहुतेक ऊन परतवितो. तेव्हा उपाय ठरला : चुना!

पुढच्या रविवारी त्या मुलाच्या वडिलांनी गच्चीला चुन्याचे दोन हात दिले. मुलाने नोंदी चालूच ठेवल्या. छत रात्री नऊ वाजताच सर्वांत अधिक तापत होते. कारण थर तेच होते. परंतु तापमापकातील पारा पूर्वीइतका चढत नव्हता. आजी पंखा जवळ ओढून घेई, ती सवय काही सुटली नाही. मात्र अंथरुणावर पाणी शिंपडणे तिने बंद केले. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दर वर्षी होळीनंतर तो पुन्हा लावावयाचा, असेही त्या घरी ठरून गेले.

त्या वहीच्या पहिल्या पानावर मुलाने खोडलेला आकडा पुन्हा सुवाच्य अक्षरांत लिहिला आहे. त्या शेजारी त्याने एकच वाक्य लिहिले आहे : 'गणित आणि अनुभव जुळले नाहीत, तर आकडा खोडू नये, हरवलेला थर शोधावा.'

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) संध्याकाळी खोबणीतील दगड भिंतीच्या तोंडापेक्षा उबदार का लागला?
(आ) मुलाने नऊ वाजताचा आकडा का खोडला होता?
(इ) विटांचा कोबा कशासाठी घातला होता आणि त्याचा आणखी कोणता परिणाम झाला?

२. 'त्याला ना आश्चर्य वाटले, ना लाज.' हे वाक्य कोणाविषयी आहे? त्यातून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?

३. रिचर्डसनची गोष्ट लेखकाने मुलाला का सांगितली असावी? आठ-दहा ओळींत लिहा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : धीर न सोडणे, चेहरा उतरणे, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच.

५. करून पाहा : पाठातील आठ पाट्यांची ओळ वहीत मांडा. सूर्य मावळल्यावर तिसऱ्या घंटेनंतर प्रत्येक पाटीवर कोणता आकडा येईल, ते काढा.

६. आपल्या घराच्या छतात कोणकोणते थर आहेत, ते वडीलधाऱ्यांस विचारून त्यांची आकृती काढा.